हप्त्यात लपलेला विमा: ब्रिटनमधल्या ‘पीपीआय’चे पैसे परत कसे मिळाले आणि आता कोणती वाट उरली आहे

इंग्लंडात काही वर्षं काढलेल्या तुमच्या नात्यागोत्यातल्या कुणाकडे २००८ च्या आधीची क्रेडिट कार्डाची बिलं अजून पडून असतील, तर एक काम करा. व्याजाची रक्कम जिथं छापलेली असते, तिच्या आसपास एक बारीक ओळ शोधा. ‘पेमेंट प्रोटेक्शन’, ‘पेमेंट कव्हर’, ‘लोन केअर’ असं काहीतरी तिथं लिहिलेलं असेल. पुढं आकडा किरकोळ असेल: चार पौंड, सहा पौंड. अशा ओळींपायी ब्रिटनमधल्या बँका आणि वित्तसंस्थांना जानेवारी २०११ नंतर ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम ग्राहकांना परत करावी लागली.

माझ्या बिलावरही ती ओळ होती. २००३ साली कंपनीच्या कामासाठी तिकडे गेलो, पहिलं कार्ड टपालानं घरी आलं आणि ते चालू करायला मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला आणि त्याच सुरात म्हणाल्या, “आजारी पडलात किंवा नोकरी गेली तर हप्त्यांची काळजी नको, म्हणून संरक्षण लावून देते.” परका मुलूख, नवा माणूस. मी हो म्हणालो. हा वेगळा विमा आहे, त्याला वेगळे पैसे पडतात आणि तो नको म्हटलं तरी कार्ड मिळतंच, यातलं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. दर १०० पौंडांच्या थकबाकीमागे महिन्याला ७९ पेन्स जात राहिले. पुढं कधीतरी पॉलिसीची पुस्तिका वाचली तेव्हा कळलं, की बेकारीचा दावा करायचा तर तिथल्या रोजगार केंद्रात नाव नोंदवून दुसरं काम शोधत असल्याचं दाखवावं लागतं. माझा कामाचा परवाना तर एकाच कंपनीपुरता होता. नोकरी गेलीच असती, तर विम्याचा तो भाग माझ्यासाठी नुसता कागद होता.

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथंच आहे. असा विमा असणं चुकीचं नव्हतं. ज्याला तो लागूच पडणार नाही त्याच्या गळ्यात तो मारला, आणि मारताना खरं सांगितलं नाही, हे चुकीचं होतं.

पीपीआय म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला किंवा कामावरून काढलं गेलं, तर ठरावीक काळ त्याचा हप्ता विमा कंपनी भरणार, अशी ही व्यवस्था. हा काळ बहुधा १२ महिन्यांचा, काही पॉलिसींत २४. काहींमध्ये कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडण्याचीही सोय असे. वैयक्तिक कर्ज, घरकर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्ड, कपड्यांच्या दुकानाचं कार्ड, हप्त्यानं घेतलेला सोफा, कशालाही तो जोडला जाई. अशा सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक १९९० ते २०१० या काळात. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या घरात होती, म्हणजे तान्ह्या मुलांसकट माणशी एकाहून जास्त पॉलिसी झाल्या.

इतक्या का विकल्या? कर्ज घेताना लोक चार बँकांचे व्याजदर तोलून पाहतात, त्यामुळे व्याजात बँकेला फार हात मारता येत नाही. विमा मात्र कर्ज मंजूर होण्याच्या क्षणी, सह्या करता करता समोर येतो. तो कुणीच तोलून पाहत नाही. सगळी मलई तिथं होती.

एकरकमी प्रीमियमचा सापळा

सगळ्यात वाईट प्रकार होता एकरकमी प्रीमियमचा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. दरमहा थोडे थोडे पैसे घेण्याऐवजी पाच वर्षांचा प्रीमियम पहिल्याच दिवशी ठरवायचा आणि तो कर्जाच्या मुद्दलात मिळवून टाकायचा. तुम्ही मागितले १०,००० पौंड. कागदावर कर्ज १२,००० चं. वरच्या २,००० वरही कर्जाचंच व्याज. ग्राहकाला सांगितला जाई तो एकच आकडा, महिन्याचा हप्ता. त्यात विमा कुठं आणि कर्ज कुठं, हे वेगळं दिसतच नसे.

पुढची मेख आणखी खोल होती. दोन वर्षांनी कुणी कर्ज लवकर फेडलं, किंवा बँकेनंच ‘जुनं कर्ज मिटवून मोठं घ्या’ असं सुचवलं, की उरलेल्या तीन वर्षांच्या विम्याचे पैसे हिशेबानं परत यायला हवेत. प्रत्यक्षात अगदी तुटपुंजी रक्कम परत येई. नव्या कर्जात नवा प्रीमियम बसे आणि जुन्याचा उरलेला भागही मुद्दलात शिरे. तीन वेळा कर्ज फिरवलेल्या माणसाच्या डोक्यावर विम्यावरचं व्याज आणि त्यावर पुन्हा विमा अशी उतरंड रचली जाई.

हा पैसा कुठं जायचा, हे श्रीमती प्लेविन यांच्या खटल्यात लख्ख दिसलं. २००६ साली त्यांनी पॅरॅगॉन या वित्तसंस्थेकडून एका दलाल कंपनीमार्फत दहा वर्षांसाठी ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं. सोबत ५,७८० पौंडांचा पीपीआय, तोही फक्त पाच वर्षांचा. म्हणजे कर्जाची निम्मी मुदत उरलेली असताना संरक्षण संपणार! त्या ५,७८० पैकी विमा कंपनीपर्यंत पोहोचले फक्त १,६३०. दलालानं १,८७० घेतले आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनं २,२८०. शंभरातले जवळजवळ ७२ पौंड कमिशन होतं आणि बाईंना त्याचा आकडा कुणीही सांगितला नव्हता. १२ नोव्हेंबर २०१४ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की इतकं मोठं कमिशन लपवून ठेवल्यानं कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातला संबंधच अन्याय्य ठरतो. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं १४०ए हे कलम त्याला आधार होतं. हा निकाल पुढच्या सगळ्या दाव्यांचा कणा झाला. आजही आहे.

‘गळ्यात मारला’ असं कशाला म्हणायचं?

नुसतं ‘मला विमा नको होता’ एवढ्यानं तक्रार टिकत नसे. विक्रीत नेमकी चूक काय झाली, ते सांगावं लागे. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं भासवलं का, किंवा घेतलात तर मंजुरी लवकर मिळेल असं सुचवलं का? संगणकावरच्या अर्जात ‘हो’वर आधीच खूण केलेली होती का? विमा लावलाय हे मुळात सांगितलंच नव्हतं, असेही पुष्कळ जण निघाले. बिलं बघेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता.

मग ज्यांना दावा करणंच शक्य नव्हतं असे लोक. स्वतःचा धंदा असलेले, कंत्राटावर काम करणारे, निवृत्त झालेले, घरी असलेल्या बायका: यांना बेकारीच्या विम्याचा उपयोग काय? ज्यांना आधीपासून पाठीचं दुखणं किंवा मानसिक आजार होता, त्यांना त्याच कारणासाठी पैसे मिळणार नव्हते, पण विकताना कुणी तब्येतीची चौकशी केली नाही. सरकारी नोकर आणि मोठ्या कंपन्यांतले कर्मचारी यांना आजारपणात सहा-सहा महिने पूर्ण पगार मिळे, त्यांनाही हाच विमा. अपात्र माणूस वर्षानुवर्षं प्रीमियम भरत राही आणि ज्या दिवशी गरज पडे त्याच दिवशी त्याला आपण अपात्र असल्याचं कळे. मला यात सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

बँका कोर्टात हरल्या तो दिवस

हे आपोआप बाहेर आलं नाही. सप्टेंबर २००५ मध्ये ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या सल्ला देणाऱ्या संस्थेनं आपल्याकडे येणाऱ्या गाऱ्हाण्यांचा गठ्ठा बांधून सरकारच्या स्पर्धाविषयक यंत्रणेकडे ‘सुपर-कम्प्लेंट’ दाखल केली. ठरावीक ग्राहक संस्थांना तिथल्या कायद्यानं हा अधिकार दिला आहे: एका ग्राहकाची नव्हे, संपूर्ण बाजाराचीच तक्रार. तिच्यातून चौकशी सुरू झाली, दंड झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘अलायन्स अँड लेस्टर’ या बँकेला ७० लाख पौंडांचा दंड बसला. २००९ मध्ये नियामकानं विनातारण वैयक्तिक कर्जांवरचा एकरकमी प्रीमियम थांबवायला लावला.

ऑगस्ट २०१० मध्ये त्या वेळची नियामक संस्था एफएसए हिनं जुन्या तक्रारी कशा तपासायच्या याचे नियम जाहीर केले. बँकांच्या संघटनेनं त्याविरुद्ध हायकोर्ट गाठलं; नवे नियम जुन्या विक्रीला लावता येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. २० एप्रिल २०११ ला निकाल बँकांच्या विरोधात गेला. ५ मे ला लॉइड्स या बँकेनं आपण होऊन ३.२ अब्ज पौंड बाजूला काढले आणि ९ मे ला संघटनेनं अपील करणार नसल्याचं सांगितलं. बांध फुटला तो त्या आठवड्यात. एकट्या लॉइड्सचा खर्च पुढं जवळपास २२ अब्ज पौंडांवर गेला. २०१२ पासून तर कर्ज विकतानाच पीपीआय विकायला बंदी आली.

तक्रार करण्याची रीत अगदी साधी होती आणि ती मुद्दाम साधी ठेवलेली होती. बँकेला पत्र किंवा फॉर्म: खाते क्रमांक, विमा कधी आणि कसा विकला, तेव्हा तुमचं काम काय होतं, आणि तो तुम्हाला का लागू पडत नव्हता. बँकेला आठ आठवडे. उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जायचं, तेही फुकट. जुने कागद नसले तरी नाव आणि त्या वेळचा पत्ता यावरून बँक शोध घेई. वकिलाची गरज नव्हती.

तरीही मधल्या दलालांचं पेव फुटलं. ‘तुमचे हजारो पौंड अडकलेत’ असे फोन दिवसाला तीन-तीन यायचे. या कंपन्या तेच पत्र तुमच्या नावानं पाठवत आणि मिळालेल्या रकमेतून २५ ते ३० टक्के, वर व्हॅट, कापून घेत. जुलै २०१८ मध्ये त्यांच्या शुल्कावर २० टक्के अधिक व्हॅट अशी कमाल मर्यादा आली. यात एक फटका अनेकांना बसला: ज्या खात्यावर आधीच थकबाकी होती, तिथं बँक परताव्याची रक्कम थकबाकीत वळती करून घेई. हातात एक पेनीही नाही, पण दलालाचं शुल्क मात्र रोख भरायचं!

किती मिळायचे? एक हिशेब

तत्त्व एकच: विमा कधी घेतलाच नसता तर माणूस आज जिथं असता, तिथं त्याला नेऊन ठेवायचं. त्यासाठी तीन गोष्टींची बेरीज. भरलेला प्रीमियम, त्या प्रीमियमवर लागलेलं कर्जाचं व्याज, आणि हे पैसे इतकी वर्षं तुमच्या हातात नव्हते म्हणून द.सा.द.शे. ८ टक्के सरळव्याज.

वरचं उदाहरण पुढं नेऊ; आकडे समजण्यापुरते आहेत. २,००० पौंडांचा प्रीमियम ५ वर्षांच्या कर्जात मिळवला, कर्जाचा व्याजदर १० टक्के. हप्त्यात विम्याचा वाटा महिन्याला सुमारे ४२.५० पौंड. ६० हप्त्यांत ग्राहकानं विम्यापोटी भरले साधारण २,५५० पौंड. पहिल्या दोन गोष्टी इथंच आल्या. आता ८ टक्के. पहिला हप्ता कर्ज संपेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं अडकला होता, शेवटचा एक दिवसही नाही. सरासरी सुमारे अडीच वर्षं. त्याचं व्याज सुमारे ५०० पौंड. कर्ज फिटल्यावर आणखी पाच वर्षांनी तक्रार मान्य झाली असं धरलं, तर त्या पाच वर्षांचं व्याज १,०२० च्या आसपास. एकूण हाती ४,०७० पौंड. दोन हजारांच्या विम्याचे चार हजार परत, हे ऐकायला अचाट वाटतं. पण यातली प्रत्येक पेनी आधी ग्राहकाच्या खिशातून गेली होती, किंवा ती वापरता न आल्याची भरपाई होती.

क्रेडिट कार्डाचं गणित याहून किचकट. तिथं सगळं खातंच विम्याची ओळ वगळून महिन्यामागून महिना नव्याने मांडावं लागे, कारण विम्यामुळे थकबाकी वाढे, वाढलेल्या थकबाकीवर व्याज लागे आणि पुढच्या महिन्याचा विमाही त्या वाढीव आकड्यावरच मोजला जाई. माझ्या खात्याचा हिशेब बँकेनं दोन पानांत पाठवला होता. तो पडताळायला मला एक अख्खा रविवार लागला.

८ टक्क्यांच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो आणि बँक बहुधा त्यातले २० टक्के आधीच कापून घेई. वरच्या उदाहरणात सुमारे १,५२० व्याजावर ३०४ पौंड. एप्रिल २०१६ पासून सामान्य दरानं कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त झालं, त्यामुळे अनेकांची ही कपात पूर्ण किंवा थोडी परत मिळण्याजोगी होती. त्यासाठी ‘आर४०’ हा फॉर्म. मुदत त्या करवर्षाच्या अखेरीपासून चार वर्षं, म्हणजे बहुतेकांची ती टळून गेलेली आहे. पैसे मिळाले पण कपातीकडे लक्षच गेलं नाही, असे माझ्या ओळखीतच तिघं निघाले.

२९ ऑगस्ट २०१९ नंतर

नवी नियामक संस्था एफसीए हिनं तक्रारींना शेवटची तारीख ठरवली: २९ ऑगस्ट २०१९. लोकांना जागं करायला ४ कोटी २० लाख पौंडांची जाहिरात मोहीम निघाली, तिचा खर्च १८ बँका-वित्तसंस्थांकडून वसूल केला. हॉलिवूड नट अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं फिरत ‘निर्णय घ्या’ म्हणून ओरडायचं, ते तिथल्या कुणीच विसरलेलं नसेल. त्या दिवसापर्यंत तक्रार बँकेकडे पोहोचली नसेल, तर बँकेनं ती घ्यायची सक्ती नाही. गंभीर आजारपणासारख्या अपवादात्मक कारणांनी उशीर झाला असेल, तरच विचार होतो.

तक्रारीचा दरवाजा बंद झाला असला, तरी कोर्टाचा थोडा किलकिला आहे. एफसीएची तारीख कोर्टातल्या दाव्यांना लागू होत नाही. तिथं मुदतीचा कायदा चालतो, आणि तो इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांचा आहे. प्रश्न एवढाच, की सहा वर्षं कधीपासून मोजायची? ऑक्टोबर २०२३ मध्ये स्मिथ विरुद्ध रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १४०ए कलमाखाली कर्जाचा संबंध संपला त्या दिवसापासून. विमा २००६ ला बंद झाला असेल पण कार्ड २०१५ पर्यंत चालू असेल, तर गणती २०१५ पासून. पुढच्याच महिन्यात पॉटर यांच्या खटल्यात आणखी एक पाऊल पुढं पडलं. तिथं कमिशन ९५ टक्क्यांहून जास्त होतं. कर्ज देणाऱ्यानं ते जाणूनबुजून लपवलं असेल, तर ग्राहकाला ते कळेपर्यंत, किंवा प्रयत्न केल्यास कळू शकलं असतं तोपर्यंत, मुदत सुरूच होत नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

याच्या मर्यादाही आहेत. ६ एप्रिल २००८ च्या आधी पुरतं फिटलेल्या कर्जाला १४०ए लागू नाही. नियामकाच्या कक्षेतल्या नेहमीच्या घरकर्जालाही नाही. हरल्यास खर्च अंगावर येऊ शकतो, आणि ‘जिंकलो तरच फी’ म्हणणारे वकील निम्म्यापर्यंत रक्कम मागतात, तेव्हा करार सही करण्याआधी वाचा. आणि आजही फोन करून ‘तुमचा पीपीआय मंजूर झालाय, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असं कुणी सांगितलं, तर फोन ठेवून द्या. परतावा देण्यासाठी कोणतीही बँक आधी पैसे मागत नाही. भारतात परतलेल्यांना असे फोन विशेष येतात, कारण खरं-खोटं करायला ते बँकेच्या शाखेत जाऊ शकत नाहीत.

हे सगळं इथं बसून वाचणाऱ्याला लांबचं वाटू नये, म्हणून एकच सांगतो. आपल्याकडे घरकर्जासोबत ‘लोन सुरक्षा’ म्हणून एकरकमी प्रीमियमचा विमा मुद्दलात मिळवून देण्याची पद्धत सर्रास आहे. सांगाडा तोच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो आणि बँक वसूल करते तो विम्याचा खर्चही त्यातल्या वार्षिक दरात धरावा लागतो. बँकेनं तोंडी सांगितलेला व्याजदर आणि त्या कागदावरचा वार्षिक दर यांत मोठी तफावत दिसली, तर विमा किती रकमेचा आहे ते तिथंच विचारा. आणि तो किती वर्षांचा आहे, कर्जाइतका की कमी, हेही. सही करून बसला असाल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. दिवस मोजायला पॉलिसी मिळाल्याची तारीख लागेल, म्हणून पाकीट किंवा ईमेल जपून ठेवा.